रिकाम्या दावणीवरचा माणूस

दिगूभाऊला दवाखान्यात ठेवून मी आंघोळीपुरता घरी आलो होतो. जालन्यातलं माझं घर तिथून जवळच आहे. बायकोनं पाणी काढून ठेवलं होतं, मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि तेवढ्यात कैलासचा, म्हणजे भाऊच्या पोराचा फोन आला. "काका, लवकर या," एवढंच म्हणाला. मीही काही विचारलं नाही. 'लवकर या' म्हणजे काय, हे साठी उलटलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तसाच पारोशा अंगानं निघालो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना दवाखान्याच्या ऐवजी माझ्या तोंडून 'टेंभुर्णी' गेलं. तो म्हणाला, "काका, तिकडं बस जाते." मला त्या बिचाऱ्याचा असा राग आला की विचारू नका.

आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतं, "हिवतापानं गेले? आजकाल हिवतापानं कोण जातं हो?" मी आधी नुसती मान हलवायचो. नंतर नंतर सगळं सांगायला लागलो, आणि सांगितलं की समोरच्याचा चहा हातातल्या कपातच निवतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

दिगूभाऊ म्हणजे दिगंबर, माझा थोरला चुलत भाऊ. टेंभुर्णीला उतरून कच्च्या रस्त्यानं आत जावं लागतं, तिथं आमचं गाव. मी वीज खात्यात चिकटलो आणि जालन्याचा झालो; तो शेतीवर राहिला. आवाज असा, की तो घरात बोलला तर रस्त्यावरचं माणूस थांबून 'मला काही म्हणालात का' विचारायचं. हटवादी तर इतका, की एकदा म्हणाला ते म्हणाला. पण माणूस लाख होता. मी गेलो की दारातच सुरू व्हायचा. "या साहेब! तुह्या खात्यानं लाईट घालवली की मच्छराला बराबर खबर लागती बघ. तुम्ही त्याला पगार देता का?" मी म्हणायचो, "मी रिटायर झालो भाऊ." तर म्हणायचा, "मच्छर कुठं रिटायर झालंय?"

त्याचा गोठा घराला अगदी लागून. मधे एक भिंत, भिंतीला खिडकी. दोन बैल, एक म्हैस, गाय, वासरं, दोन-चार शेळ्या, अशी दावण कायम भरलेली. तिच्या तोंडाशी सिमेंटचा, पण हलवता येईल असा हौद, त्यात पाणी काठोकाठ. संध्याकाळी तो गोवऱ्यांवर कडुलिंबाचा पाला टाकून धूर करायचा आणि जनावरांच्या मधोमध घमेलं पालथं घालून चहा पीत बसायचा. म्हशीच्या पाठीवर, बैलांच्या पोटावर डास बसलेले स्पष्ट दिसायचे. कातडी थरथरायची, शेपट्या फिरत राहायच्या, आणि हा गडी मधे बिनधास्त. हात माझ्यापुढं करायचा. "बघ सुध्या, हाय का एक तरी डाग? म्हशीचं रगत सोडून मच्छर माह्याकडं कामून येईन? त्याला काय येड लागलं का?" मी हसायचो. तेव्हा तो हसण्याचाच विषय होता.

पुढं मी ओळखीच्या एका डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, तुमच्या भावाचं अर्धं खरं आहे. हिवतापाच्या डासांतल्या काही जातींना माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं, गुरं जवळ असली की त्यांचा भार गुरांवर पडतो. पण त्याच गुरांमुळं, त्यांच्या पाण्यामुळं, खुरांच्या खड्ड्यांत साचलेल्या डबक्यांमुळं डास घराजवळ वाढतातही. म्हणजे गुरं वाचवतातही आणि बोलावतातही. मी म्हटलं, मग माणसानं करायचं काय? ते म्हणाले, गुरं हलवायची असतील तर आधी पाणी हलवा. हे त्यांनी मला सांगितलं, पण फार उशिरा... तेव्हा भाऊ आधीच दवाखान्यात होता.

कैलासची बायको ज्योती. बारीक चणीची, कमी बोलणारी पोरगी. मागल्या खेपेला तिला थंडीताप आला आणि पोटातलं गेलं. रक्त तपासलं तर हिवतापच निघाला. त्यानंतर ती बरेच दिवस कुणाशी धड बोलली नाही. शांता वहिनी, म्हणजे भाऊची बायको, मला फोनवर म्हणाली होती, "भावजी, पोरगी भित्ताडाकडं तोंड करून बसती." यंदा तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात आनंद झाला, पण तो कुणी मोठ्यानं बोलून दाखवला नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. या वेळी ताप येता कामा नये.

गावातली आशाताई घरी यायची, गोळ्या द्यायची, मच्छरदाणी वापरा म्हणायची. तिनं एकदा खिडकीतून गोठा पाहिला आणि म्हणाली, जनावरं फार जवळ आहेत. झालं. कैलासनं ते मनावर घेतलं. जनावरं बाळंतपण होईस्तोवर मंठ्याकडं, त्याच्या मामाच्या शेतावर ठेवायची. भाऊ खवळला. "माह्या दावणीला हात लावायचा न्हाई! जनावरं न्हेताल, पर मच्छर कुठं न्हेताल?" बाप-लेकाची अशी जुंपली की शेजारचे ओट्यावर आले. मी त्या दिवशी तिथंच होतो. शेवटी ज्योती दारात आली, पदर दोन्ही हातांनी धरलेला, आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा... मला लई भ्याव वाटतंय." एवढंच. भाऊ तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पोळा होऊ द्या. पोळ्याला माझे बैल माझ्या दारातून निघतीन. मंग न्ह्या."

पोळ्याला मी मुद्दाम गेलो. त्यानं शिंगं रंगवली, झुली घातल्या, आपल्या हातानं पुरणपोळी भरवली. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं. दुसऱ्या दिवशी पिकअप आली. थोरला बैल फळीवर पाय ठेवीना, तर भाऊच आत चढला आणि त्याला हाक मारली. मग तो चढला. गाडी गेली, धूळ खाली बसली. मला वाटलं हा आता आत जाऊन पडेल. तर यानं बादली घेतली आणि हौद भरायला लागला.

"भाऊ, पाणी कुणाला भरतोस? जनावरं तर गेली."

"म्हणूनच," तो म्हणाला. "दावणीचा हौद कोरडा कधी पडतो? जनावर कायमचं गेल्यावर. माझ्या बापानं हा हौद कधी कोरडा पडू दिला न्हाई. टँकर येऊन राह्यलं होतं गावात, तव्हा माणसं एका तांब्यावर आंघोळ करत, पर हौदात पाणी असायचं. माझी जनावरं परत यायचीत सुध्या."

आमच्या भागात हे कुणाला विचित्र वाटणार नाही. पाणी आम्हाला इतकं दुर्मिळ, की भरलेलं सांडणं म्हणजे पापच, आणि मुक्या जनावराचं असेल तर विचारायलाच नको. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही.

आठवडा झाला नाही तोच त्याचे फोन सुरू झाले. "मच्छर घरात घुसून राह्यले रे. असे कधीच न्हव्हते." मी म्हटलं, पावसाळा आहे, असणारच. मग एका संध्याकाळी गेलो तेव्हा कळलं. दिवेलागणीला गोठ्यात पाऊल टाकलं तर कानाशी एकदम गुणगुण उठली. भिंतीच्या पोपड्यांतून, गव्हाणीखालून, रिकाम्या खुंट्यांपासून ते बाहेर येत होते, रोजच्या सवयीनं, रोजच्या वेळेला. आणि तिथं कुणीच नव्हतं. जरा वेळ ते दावणीवर घुटमळले आणि मग खिडकीकडं वळले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खिडकीच्या जाळीला एक कोपरा फाटलेला होता, तिथं वहिनीनं चिंध्या कोंबल्या होत्या. आत ज्योती मच्छरदाणीत बसलेली. लाईट गेलेली, पंखा बंद, घामानं पोर भिजलेली, आणि जाळीच्या बाहेरून डास चिकटलेले. मला त्या घरात पहिल्यांदाच बसवेना.

आशाताई पुन्हा आली. हौदातलं पाणी वाटीत घेऊन तिनं भाऊला दाखवलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "काका, हे बघा, हे उद्याचे मच्छर. हौद उपडा करा, आठवड्याला एकदा तरी कोरडा करा." भाऊनं वाटीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "तुह्या दारात म्हैस हाय ना? तू कधी उपडा केला हौद?" तिच्याही घरी कुणी करू देत नव्हतं. शेवटी म्हणाली, निदान गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात, दवाखान्यातून मिळतील. हे मात्र त्याला पटलं. "मासे आणतो. पर पाणी सांडायचं न्हाई." मासे आणायचे राहूनच गेले. कधी पिकाला फवारणी होती, कधी बस चुकली, कधी दवाखान्यातलं माणूस रजेवर.

पुढच्या खेपेला मी गेलो तर भाऊ घरात नव्हता. वहिनीनं डोळ्यांनी गोठ्याकडं दाखवलं. तिथं, थोरल्या बैलाच्या जागेवर, पालथ्या घमेल्यावर हा बसलेला. अंगात सदरा नाही. उघड्या पाठीवर, दंडांवर डास बसलेले, आणि हा हात मांडीवर ठेवून स्वस्थ.

"भाऊ, काय करून राह्यला?"

"बसलोय."

"अरे, मच्छर खाऊन राह्यलेत तुला. आत चल."

"खाऊ दे. ह्यांला हितंच पोटभर भेटलं तर घरात कामून जातीन? जनावर न्हाई तर मी. दिवाबत्ती होऊन दारं लागली की उठतो."

मला आधी हसू आलं, खरं सांगतो. मग त्याच्या पाठीकडं पुन्हा नजर गेली आणि हसू तिथंच राहिलं. मी खूप बोललो. म्हटलं, तुझं वय काय, रक्त किती, एका माणसाच्या रक्तावर दावणीभर जनावरांचे डास निभतील का? आणि तुलाच हिवताप झाला म्हणजे? तर म्हणाला, "झाला तर झाला. माह्या पोटात काय लेकरू हाय का?" मी जालन्याहून अंगाला लावायचं मलम नेलं. ते त्यानं सगळं ज्योतीला दिलं. "मी लावलं तर ते माह्याकडं येतीन का?" डोकं फिरायची वेळ यायची. एकीकडं रोज सकाळी हौद भरून डास जन्माला घालायचे, आणि संध्याकाळी त्यांच्यापुढं स्वतःचं अंग घेऊन बसायचं. दोन्ही गोष्टी त्याच्या मते त्या घरासाठीच होत्या. मी चिडून निघून आलो. एसटीत बसल्यावर मात्र सारखी ती पाठ दिसत राहिली, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. त्याच्यासाठी नव्हे, त्याचीच.

ताप आला तो त्यानं लपवला. थंडी वाजायची तेव्हा शेतात जायचा, गोधडी घेऊन आखाड्यावरच्या खोपटात पडायचा, घाम येऊन उतरला की घरी. ज्योतीला कळलं तर पोरगी घाबरेल म्हणून. आणि दिवेलागणीला पुन्हा दावणीवर, त्या तापलेल्या अंगानं. कितीदा असं झालं कुणास ठाऊक. शेवटी आशाताई दारावरून जाताना तिला तो कुडकुडताना दिसला. तिनं बळंच बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, तिथल्या तिथं पट्टीवर तपासलं आणि घाबरूनच म्हणाली, "काका, हे काय करून बसलात? तापाच्या माणसाला चावलेला मच्छर तोच ताप दुसऱ्याला देतो. तुम्हाला चावून तो आठ-पंधरा दिवसांनी आत ज्योतीला चावला म्हणजे?"

वहिनीनं मला नंतर सांगितलं, हे ऐकल्यावर भाऊच्या तोंडचं पाणीच पळालं. सदरा घातला, पायात चपला सरकवल्या आणि चालू पडला. घरात गेला नाही, ज्योतीकडं पाहिलं नाही. वहिनी मागून हाका मारत होती. मिळेल त्या गाडीनं तो जालन्याला आला आणि दुपारी माझ्या दारात उभा राहिला. डोळे लालबुंद, ओठ वाळलेले. उंबऱ्याच्या आत येईना. "सुध्या, तुह्या घरात कुनी पोटुशी बाई हाय का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, आत ये. तेव्हा आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "मला हितं ठेव. मी तिथं राहिलो तर लेकराला मीच खाईन."

त्याला लगेच दवाखान्यात नेलं. हिवतापच, आणि तोही डोक्यात चढणारा. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. कैलास, वहिनी आले. ज्योतीला आणलं नाही. शुद्धीवर असला की एकच विचारायचा, "ज्योतीला ताप न्हाई ना?" नाही म्हटलं की डोळे मिटायचा, जरा वेळानं पुन्हा तेच. आमचा तो आवाजाचा माणूस, त्याचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं. एकदा त्यानं कैलासला खूण करून जवळ बोलावलं.

"कैलास... घरी गेला की हौद उपडा कर."

कैलास म्हणाला, "करतो दादा. तुम्ही बरे व्हा, मंग भरू पुन्हा."

"न्हाई," भाऊ म्हणाला. "कोरडाच राहू दे."

त्या वाक्याचा अर्थ खाटेभोवतीच्या आम्हा तिघांनाही कळला. वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी आयुष्यात फार कमी वेळा रडलोय, त्या दिवशी पोरासारखा रडलो. दुसऱ्या सकाळी मी आंघोळीला म्हणून घरी आलो, आणि फोन आला.

कैलासनं हौद उपडा केला. पाणी अंगणभर पसरलं आणि उन्हात वाळून गेलं. खुरांचे खड्डे त्यानं मुरूम टाकून बुजवले, खिडकीला नवी जाळी मारली. ज्योतीला शेवटपर्यंत ताप आला नाही. दिवस भरून मुलगी झाली. काळीसावळी, केसाळ, आणि आवाज थेट आज्याचा. जनावरं अजून मंठ्याकडंच आहेत. कैलास आणतो म्हणतो, आणत नाही. त्याला आता दोन्हींची भीती वाटते, जनावरं असण्याची आणि नसण्याचीही.

मुलगी बघायला मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. दिवस मावळतीला आला तशी ज्योती लेकराला घेऊन मच्छरदाणीत शिरली, कैलासनं दारं-खिडक्या लावायला घेतल्या. वहिनी कुठं दिसेना. चूल पेटलेली, वर चहाचं पातेलं, पण माणूस नाही. मी बाहेर आलो. डास होतेच, कमी झालेले, पण होते; आमचा हौद कोरडा झाला तरी गल्लीतले बाकीचे भरलेलेच आहेत. गोठ्यात डोकावलो. वहिनी घमेल्यावर बसलेली. पदर खांद्यावरून काढून मांडीवर घेतलेला, दोन्ही हात उघडे, तळवे वर.

मी म्हटलं, "वहिनी, हे काय? उठा. आत चला."

"तुम्ही व्हा म्होरं भावजी. चहा घ्या. दारं लागली की येते."

"भाऊ असाच बसून गेला. तरी तुम्ही...?"

तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. "त्यो बसला म्हणून तर लेकरू हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. डासांच्या जाती, पाणी, अळ्या, एकाचा ताप दुसऱ्याला कसा जातो ते. त्यातलं काहीही बोललो असतो तर बरोबरच असतं. पण तिला ते सांगायचं म्हणजे भाऊ फुकट गेला असं सांगायचं, आणि तो फुकट गेला हे मला तरी कुठं माहीत आहे? आत लेकरू रडायला लागलं, ज्योती त्याला थोपटताना ऐकू येत होती. मी गव्हाणीच्या कडेला टेकलो. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. वहिनी जरा सरकून बसली. मनगटावर एक डास येऊन बसला. मी हात हलवला नाही.